कोकणातल्या घरी व्हॉइस रेकॉर्डिंगची खोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यातल्या आमच्या कौलारू घरातून मी गोष्टी आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं खोलीच्या आवाजाबद्दल विचारत असतात आणि फिरून फिरून प्रश्न तेच येतात. बाहेरच्या व्हिडिओंतले उपाय बहुतेक कोरड्या हवेतल्या बंद घरांसाठी असतात. आपल्याकडे जांभ्याच्या भिंती, कौलं नाहीतर पत्रे, आणि चार महिने पाऊस. ही उत्तरं आपल्या घरांसाठी आहेत.

१. आवाज घुमू नये आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये, दोन्हीला एकच उपाय चालतो ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसा याच गैरसमजात जातो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद कराव्या लागतात: जाड भिंत, भरीव दार, चौकटीला रबर. आतला घुमारा कमी करायला उलट मऊ, सच्छिद्र, हवा आत शिरू देणारी वस्तू लागते. गादीतून हवा जाते, म्हणून ती घुमारा शोषते. आणि हवा जाते म्हणूनच शेजारचा मिक्सर अडवत नाही. भिंतीला फोम चिकटवून रस्त्यावरची रिक्षा ऐकू यायची थांबत नाही. आधी आपली अडचण कुठली ते ठरवा. ते कसं ओळखायचं, ते पुढच्या उत्तरात.

२. माझ्या खोलीला नक्की काय झालंय हे कसं ओळखू?

दोन चाचण्या पुरतात. पहिली: खोलीत उभं राहून एकच जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर ‘झ्र्रर’ अशी थरथर आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत. नुसती लांब शेपटी ऐकू आली तर सगळी खोलीच घुमते आहे.

दुसरी: माइक नेहमीच्या जागी, गेन (माइकचा आवाज वाढवायची पातळी) नेहमीचा, आणि अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. ते हेडफोनवर मोठ्यानं ऐका. पंखा, फ्रिज, गाज, रातकिडे, जे ऐकू येईल ते कागदावर लिहा. ही यादी म्हणजे बाहेरच्या आवाजाचा प्रश्न, टाळीतून आलं ते आतल्या घुमाऱ्याचा. टाळी खोलीच्या मध्ये न वाजवता तुमचं तोंड जिथे असणार तिथेच वाजवा. दोन हातांवर निकाल बदलतो.

३. घरातली कुठली खोली निवडू?

जुनं घर असेल तर माजघर. त्याला बाहेरची भिंत कमी, खिडकी लहान किंवा नाहीच, आणि वर बहुधा माळा. माळ्याची फळी, वर ठेवलेलं सामान, भाताची पोती, पेंढा, हे सगळं मिळून कौलांवरचा आवाज जितका अडवतं तितकं विकतचं काही सहज अडवत नाही. कोठीची खोलीही चांगली. पडवी सोडाच: तिथे छप्पर खाली आलेलं, एक बाजू उघडी, पाणी थेट बाजूला पडतं.

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जड असल्यानं बाहेरचं बरंच थोपवते. आवाज आत येतो तो भिंतीतून कमी; कौलांच्या सांध्यांतून, वाशांमधल्या मोकळ्या जागेतून आणि दाराखालच्या फटीतून जास्त. दार-भिंतीच्या क्षेत्रफळात फक्त १ टक्का उघडी फट असेल तर बाकी भिंत कितीही जाड केली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपास अडकते. म्हणून पहिला खर्च दाराच्या रबरी पट्टीवर करा, तो शंभर-दोनशे रुपयांत भागतो.

फ्लॅट असेल तर कपड्यांची कपाटं असलेली बेडरूम, आणि शक्यतो लिफ्टला किंवा पाण्याच्या पंपाला लागून नसलेली.

४. खोलीत छोटा बूथ (रेकॉर्डिंगपुरती बंद पेटी) बांधून घ्यावा, की खोलीलाच पॅनल (आवाज शोषणाऱ्या मालानं भरलेल्या चौकटी) लावावीत?

माझं मत स्पष्ट आहे: आवाज अडवण्याची अगदीच निकड नसेल तर बूथ बांधू नका.

लहान पेटीत प्रत्येक दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये एक ठरावीक सूर अडकून फुगतो. तो काढायची रीत सोपी: आवाजाचा वेग भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. आपल्याकडच्या ३० अंश तापमानात हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. ४ फूट अंतरात हा सूर येतो १४३ हर्ट्झच्या (सेकंदाला १४३ कंपनांच्या) आसपास, ७ फूट उंचीत ८२ हर्ट्झच्या आसपास. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये फिरतो. म्हणजे ४ × ४ × ७ फुटांचा बूथ नेमका त्याच्या आवाजातच फुगवटा घालतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यानं दुप्पट घालतो. ‘डब्यात बोलल्यासारखं येतं’ ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. १० फुटी खोलीत हा पहिला सूर ५७ हर्ट्झवर जातो, बोलण्याच्या खाली.

मी पहिल्यांदा पडवीत प्लायवूडचा ४ × ४ फुटांचा बूथ करून घेतला होता. आत एक इंची फोम. माझा आवाज बायकांचा, वरच्या पट्टीतला, म्हणून सुरुवातीला खटकला नाही. दिरांनी एक जाहिरात वाचली तेव्हा प्रत्येक ‘भ’ आणि ‘ध’ हंड्यात बोलल्यासारखा घुमला. त्या वर्षीच्या पावसात प्लायवूड फुगलं आणि आम्ही ते मोडून टाकलं.

शेजारी वर्कशॉप आहे, घर हमरस्त्याला लागून आहे, अशा ठिकाणी बूथ लागतोच. तेव्हा तिन्ही मापं वेगवेगळी ठेवा, ४ × ५ × ७ पेक्षा लहान जाऊ नका, आणि आतली जाडी प्रश्न ६ मधल्यासारखी धरा. उकाड्याचं प्रश्न १४ मध्ये आहे.

५. अंड्याचे ट्रे लावले तर?

नको. पातळ पुठ्ठा ना वजनदार, ना पुरेसा सच्छिद्र. वरचे थोडे सूर विस्कटतात एवढंच. दमट हवेत ते मऊ पडतात, झुरळं होतात आणि आगीला खाद्य मिळतं.

६. ऑनलाइन मिळणारा एक इंची काळा फोम चालेल का?

एकट्यानं नाही. मऊ वस्तू आवाज शोषते ती हवेच्या हालचालीला घर्षण देऊन. भिंतीला अगदी चिकटून हवेला हलायला जागाच नसते. ती सर्वात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबी (आवाजाच्या एका लाटेच्या लांबीचा चौथा हिस्सा) दूर. एक इंच म्हणजे साधारण ३४०० हर्ट्झची पाव तरंगलांबी. त्यामुळे पातळ फोम फक्त ‘स’, ‘श’ची धार खातो आणि २०० ते ५०० हर्ट्झमधला घुमारा तसाच राहतो. आवाज मंदही होतो आणि डबाही राहतो, दोन्हीकडून नुकसान.

४ इंच जाड पॅनल आणि त्याच्या मागे ४ इंच मोकळी हवा, अशी ८ इंचांची रचना ४३० हर्ट्झच्या आसपास पूर्ण काम करते आणि त्याच्या निम्म्यापर्यंत बऱ्यापैकी. मागची हवा फुकट मिळते. आपल्याकडे तिचा दुसरा फायदा ओलीच्या बाबतीत आहे, तो प्रश्न १० मध्ये.

शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्यानं पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जुन्या वायरिंगच्या घरात, किंवा पलीकडेच देवघरात समई असताना, तो भिंतभर लावू नये.

७. मग पॅनलमध्ये भरायचं काय? काथ्या आपल्याकडे भरपूर आहे, तो चालतो का?

सगळ्यात भरवशाचं रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर. ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटर घनतेच्या, २ इंची पाट्या येतात; दोन एकावर एक ठेवल्या की ४ इंच. ते जळत नाही, वाळवी खात नाही. तंतू अंगाला खाजतात, म्हणून कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. एकदा कापडात बंद झालं की त्रास नाही.

काथ्या चालतो, आणि मला तो आवडतो. नारळाच्या सोडणाचा तंतू जाडा असल्यानं त्याच जाडीत रॉकवूलपेक्षा कमी शोषतो, ही कमतरता जाडी वाढवून भरून काढावी लागते: ४ इंचांच्या जागी ६. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) भरपूर असतं, म्हणून ओलीत तो कापसासारखा लवकर कुजत नाही. जुनी रबर लावलेली काथ्याची गादी असेल तर ती उभी कापून चौकटीत बसवा. भंगारात देण्यापेक्षा हा उपयोग केव्हाही बरा.

कापसाची गादी नव्यानं पिंजलेली असेल तर उत्तम शोषते. दहा वर्षं झोपून दडपलेली गादी फळीसारखी होते. तिच्यातून हवाच जात नाही. पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि सैल भरून घ्या. मात्र कापूस ओल धरतो, पावसात दर आठवड्याला त्याच्याकडे बघावं लागतं. लोकरीचं घोंगडं फार चांगलं, पण एकेरी टांगू नका. दुहेरी-तिहेरी घडी करून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा.

थर्माकोल, प्लास्टिकच्या चटया आणि रेग्झिनचं आवरण यांतून हवा जात नाही, त्यामुळे या कामाला उपयोगी नाहीत.

८. पॅनल घरी कसं बनवू?

सुताराकडून २ × ४ फुटांची, ४ इंच खोल चौकट करून घ्या. रिपा कुठल्याही चालतात, पण वाळवीचं औषध लावून पूर्ण सुकू द्या. मागची बाजू प्लायवूडनं बंद करू नका, तिथे फक्त सुतळीची किंवा जाळीची वीण द्या, म्हणजे माल पडत नाही आणि हवा खेळते. पुढे कापड.

कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकर मारा. फुंकर सहज पलीकडे गेली तर चालेल, गाल फुगले तर नको. गोणपाट, सुती साडी, मांजरपाट यांतून फुंकर जाते. आमच्याकडे सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची आवरणं आहेत. ती बटणांनी लावली आहेत, खिळ्यांनी नाही. कारण ती वर्षातून दोनदा धुवावी लागतात.

९. किती पॅनल लागतील आणि ती कुठे लावू?

याचं गणित अमेरिकेत हार्वर्डला वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकानं बसवलं. १८९५ मध्ये त्याच्याकडे एक व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं, जिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या तो रात्री तिथे आणायचा आणि किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन मोजायचा. जगभरच्या स्टुडिओंचं गणित गाद्यांवर उभं राहिलं, हे गादी टांगून सुरुवात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शोषणाचं एकक म्हणून त्यानं उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

सूत्र असं: घुमाऱ्याचा काळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. १० × १० × ९ फुटांची खोली म्हणजे २५.५ घनमीटर. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ०.३ सेकंदांच्या आसपास काळ ठीक. त्यासाठी सुमारे १३.७ चौरस मीटर शोषण लागतं, म्हणजे २ × ४ फुटांची अठरा पॅनल. घाबरू नका. खोलीतला पलंग, गाद्यांचा ढीग, उघडं कपड्यांचं कपाट, जाड पडदे यातला मोठा वाटा उचलतात, आणि माइक तोंडाजवळ असला की आठ पॅनलांत काम निघतं. फार लहान, फार मऊ केलेल्या बूथला हे सूत्र नीट लागू पडत नाही. तिथे कानावर जा.

जागा मात्र चुकवू नका. पहिली दोन पॅनल तुमच्या पाठीमागे. बहुतेक जण माइकच्या मागे ढाल लावतात. पण कार्डिऑइड, म्हणजे एका दिशेचा माइक पुढच्या बाजूनं ऐकतो, आणि त्याच्या पुढे तुम्ही आहात व तुमच्या मागची भिंत आहे. तीच भिंत त्याला सर्वात जास्त ऐकू येते. नंतर दोन्ही बगलांना एकेक, डोक्यावर एक, मग माइकच्या मागे. उरलेली दोन उभ्या कोपऱ्यांत तिरपी लावा. कोपऱ्यात सगळे खालचे सूर जमतात.

शेणानं सारवलेली जमीन असेल तर ती बोलण्याला त्रास देत नाही. टाइल्स असतील तर पायाखाली दुहेरी गोधडी घाला.

१०. पावसाळ्यात पॅनलला बुरशी येते. काय करावं?

ऐन पावसात पॅनल भिंतीपासून कमीत कमी २ इंच आणि जमिनीपासून ६ इंच दूर हवं. भिंतीला टेकलेल्या पॅनलच्या मागे हवा अडकते आणि चिऱ्यातून झिरपणारी ओल तिथेच थांबते. आमचं एक पॅनल घाईत भिंतीला सपाट ठोकलं होतं. सप्टेंबरात काढलं तर पुढून स्वच्छ, आणि मागे हाताच्या पंजाएवढी हिरवट-काळी वर्तुळं, एकात एक. भिंतीवर त्यांचीच तंतोतंत छाप. वास त्याआधी महिनाभर येत होता, मी तो जुन्या पुस्तकांचा समजले होते.

कुबट वास आला की पॅनल काढून बघाच. रॉकवूल स्वतः कुजत नाही. बुरशी धरते ती त्यावरच्या धुळीला आणि कापडाला. कापड धुवा, रॉकवूल उन्हात उभं करा. कौल फुटून पॅनल चिंब भिजलं असेल तर त्यातला माल फेकून द्या, तो खाली बसतो आणि पूर्वीसारखा शोषत नाही. जून लागायच्या आत, कौलं परतताना, माइकच्या जागेवरची कौलं स्वतः उभं राहून तपासून घ्या. बुरशीच्या खोलीत रोज तास-दोन तास श्वास घेऊन वाचणं घशाला महागात पडतं.

११. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज कसा थांबवू?

पूर्ण थांबत नाही, हे आधीच सांगते. थेंब पत्र्याला ठोकतो आणि पत्राच लाउडस्पीकरसारखा वाजतो, त्यामुळे खोलीत लावलेल्या पॅनलांनी त्यात फरक पडत नाही. उपाय पत्र्यावरच करायचा: वर माडाची विणलेली झापं घट्ट बांधून घाला म्हणजे थेंब मऊ पृष्ठभागावर फुटतो. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वरून जाळी ताणा. खालून पत्र्याला डांबराची चिकटणारी चादर लावली तर त्याची थरथर मरते. मोठा उपाय म्हणजे खाली दुसरं छत, दोन थर जड बोर्डाचे, वर रॉकवूल, आणि ते वाशांना कडक न जोडता रबरावर टांगलेलं.

हे जमेपर्यंत वेळ सांभाळून काम करा. आषाढातही सरींच्या मध्ये उघडीप मिळते. मी पानं आधीच वाचून खुणा करून तयार ठेवते आणि उघडीप मिळाली की बसते. पाऊस थांबल्यावर पागोळ्या पंधरा-वीस मिनिटं ठिबकतात. त्या दगडावर न पडता मातीत किंवा पेंढ्यावर पडतील असं बघा. हे काम एका सकाळचं आहे.

१२. समुद्राची गाज, रातकिडे, कोकीळ… यांचं काय?

यांना एका पिशवीत घालू नका. रातकिड्यांचा आवाज वरचा, काही हजार हर्ट्झचा. असा आवाज फटींतून येतो आणि फटी बुजवल्या की जवळजवळ जातो. गाज खालपासून वरपर्यंत पसरलेली असते. वरचा भाग दार अडवतं, खालची घरघर भिंत आणि छप्पर ओलांडते. रेकॉर्ड करताना ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारी सोय) लावा, आवाजाला धक्का न लागता बरीच घरघर जाते. कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ समुद्राच्या बाजूच्या खिडकीकडे करा, आणि तुमच्या मागे प्रश्न ९ मधली जाड पॅनल ठेवा.

कोकीळ चैत्र-वैशाखात पहाटे चारलाच सुरू होते, पावशा मृगाच्या आधी रात्रीसुद्धा ‘पेर्ते व्हा’ करत बसतो. बेडूक पहिल्या पावसानंतर. बंदराजवळ ट्रॉलरची इंजिनं पहाटे निघतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ती घरघर नसते, पण मग पाऊस असतो. शिमग्यात ढोल आणि भाद्रपदात आरत्या असताना रेकॉर्डिंग ठरवूच नये. आमच्याकडे सगळ्यात शांत वेळ दुपारी दोन ते चार: माणसं जेवून आडवी, कावळेही गप्प. प्रत्येकानं आपल्या वाडीचं असं वेळापत्रक आठवडाभर कान देऊन लिहून काढावं.

१३. दमट हवेत कंडेन्सर माइक घ्यावा की डायनॅमिक?

खोली अजून घुमत असेल, किंवा घर समुद्राच्या अगदी काठावर असेल तर डायनॅमिक. तो तोंडाजवळून वापरायचा असल्यानं खोली कमी ऐकतो, आणि दमटपणाचं त्याला फारसं काही वाटत नाही. शुअर एसएम ५८ सारखा साधा माइकही बोलण्याला चांगला. एसएम ७बी घेणार असाल तर त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो, आपला इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) तो न खरखरता देतो का ते आधी बघा.

कंडेन्सरमध्ये बारीक तपशील छान येतो, पण त्याच्या कॅप्सूलवर विद्युतभार असतो. त्यावर ओल बसली की तो भार गळतो आणि ‘टक्, चर्र’ असे आवाज येतात. माइक बिघडला असं समजून बदलायला निघू नका; एक रात्र कोरड्या डब्यात ठेवून पुन्हा लावून बघा. रबराचं झाकण असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली. दाणे १२० अंशांच्या आसपास दोनेक तास तापवले की परत निळे होतात, पण त्यासाठी स्वयंपाकातलं भांडं वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. एसीच्या खोलीतून माइक एकदम पडवीत आणला की त्याच्यावर पाणी धरतं, तेव्हा तो डब्यातच बंद करून बाहेर न्या. खाऱ्या हवेनं केबलच्या टोकांना हिरवट थर येतो. महिन्यातून एकदा ती काढून-घालून पुसत चला.

१४. दार बंद केल्यावर दहा मिनिटांत घामाघूम होते. पंखा लावला तर आवाज येतो.

स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. चार घनमीटरच्या बूथमध्ये तुम्ही म्हणजे एक पेटलेला मोठा दिवा. सोपा मार्ग: रेकॉर्डिंगच्या आधी खोली पंख्यानं किंवा एसीनं थंड करा, बंद करून वीस मिनिटं वाचा, दार उघडा, पाणी प्या, पुन्हा बसा. मोठ्या खोलीचा हाही फायदा आहे.

बूथ असेल तर हवेला वळणाची वाट द्या. एका लाकडी पेटीत आतून रॉकवूल-कापड लावून दोन-तीन आडव्या फळ्या घाला, हवा नागमोडी जाईल आणि आवाज वळणांवर शोषला जाईल. पंखा पेटीच्या पलीकडच्या टोकाला, बूथला न टेकता. नळी जितकी रुंद आणि हवा जितकी हळू, तितका आवाज कमी. आत येणारी आणि बाहेर जाणारी, अशा दोन वाटा हव्यात. हवेची सोय नसलेल्या बंद बूथमध्ये तासभर बसू नका, आणि लहान मुलांना तर अजिबात बसवू नका.

१५. बारीक ‘हूं’ असा आवाज सतत येतो. तो खोलीचा आहे का?

बहुधा विजेचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर पॅनलांवर आणखी खर्च नको. कातळावरच्या घरांना अर्थिंग नीट लागत नाही आणि मे महिन्यात खड्डा सुकला की ते आणखी बिघडतं. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करत असाल तर काहींचा आउटपुट खरबरीत असतो, तेव्हाही बॅटरीवरचा लॅपटॉपच बरा. पंख्याचा रेग्युलेटर आणि फ्रिज हे नेहमीचे दोघे. फ्रिज बंद करताना बाइकची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही.

१६. पॅनल लावल्यावर आवाज मुका, निर्जीव झाला. काय चुकलं?

वरचे सूर खाल्ले गेले आणि खालचे राहिले. पातळ माल जास्त जागेवर लावला की असं होतं (प्रश्न ६). अर्धी पातळ पॅनल काढा, उरलेली जाड करा. एक भिंत, माइकच्या मागची नव्हे तर बगलेची, उघड्या लाकडी पट्ट्यांची ठेवा: दोन बोटं पट्टी, एक बोट फट, मागे रॉकवूल. थोडा वरचा आवाज परत येतो आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. फार मऊ खोलीत माणूस नकळत आवाज चढवतो आणि लवकर थकतो.

१७. एवढं करण्यापेक्षा सॉफ्टवेअरनं नॉईज काढला तर?

सतत एकसारखा असलेला हलका आवाज, म्हणजे पंखा किंवा लांबची गाज, थोडा काढता येतो. घुमारा काढणं फार अवघड, कारण तो तुमच्याच आवाजाचा बनलेला असतो. जास्त काढायला गेलात तर शब्दांच्या शेवटी पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. मराठीत ‘ह’, ‘घ’, ‘ध’ यांचा श्वास सर्वात आधी मरतो, आणि मालवणी हेल असेल तर वाक्याची शेपटीच कापली जाते. आमच्या बोलीचा गोडवा त्या शेपटीत आहे, तो मी सॉफ्टवेअरला द्यायला तयार नाही.

१८. ऑडिओबुकला खोली किती शांत लागते?

मोजायला सोपं माप म्हणून एसीएक्स या ऑडिओबुकच्या मंचाच्या अटी धरा: सरासरी आवाज उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च टोक उणे ३ च्या खाली, आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. प्रश्न २ मधली अर्ध्या मिनिटाची शांतता, वाचनाची पातळी बसवल्यानंतर, या आकड्याशी ताडून बघा. तीन-चार डेसिबल कमी पडत असतील तर माइक जवळ घ्या: अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलनं वर येतो, खोली तिथेच राहते. एक वीत हे चांगलं अंतर, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) मध्ये.

१९. भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही.

कपडे वाळत घालायचे दोन स्टँड पाठीमागे इंग्रजी ‘व्ही’ आकारात उभे करा, त्यावर जाड रजया दुहेरी टाका, डोक्यावरून एक गोधडी. उघडं कपड्यांचं कपाट बगलेला घ्या. सातशे-आठशे पानांचं वाचन अशा आडोशात करणारी माणसं मला माहीत आहेत.

२०. त्याच खोलीत भजन, पखवाज, पेटी रेकॉर्ड करता येईल का?

बोलण्याची खोली गाण्याला कोरडी पडते. पखवाजाला हवा लागते आणि पेटीचा नाद भिंतींकडून थोडा परत यावा लागतो. पॅनल खुंटीवर टांगलेली असतील तर निम्मी उतरवा, किंवा सरळ ओटीवर जा. पखवाजाची थाप आणि बोलणं एकाच ४ × ५ च्या बूथमध्ये घेऊ नका, प्रश्न ४ मधलं सगळं दुपटीनं ऐकू येईल.

२१. मे महिन्यात वाचलेल्या प्रकरणात जुलैत एक वाक्य दुरुस्त केलं, ते वेगळंच ऐकू येतं. असं का?

खोलीचा घुमारा ऋतूनं फारसा बदलत नाही. बदलतं ते मागचं: मे महिन्यात झाडावरचे किडे, जुलैत गाज वाढलेली, पागोळ्या, बंद खिडक्या, आणि सर्दट हवेतला तुमचा स्वतःचा घसा. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून त्या दिवसाच्या नावानं ठेवा. दुरुस्तीच्या वाक्याखाली ती घातली की सांधा कमी दिसतो. अंतर जुळवायला माझ्या माइकच्या स्टँडला एक सुतळी बांधलेली आहे, तिला दोन गाठी. पहिली गाठ हनुवटीला लागली की गोष्टीचं अंतर, दुसरी लागली की जाहिरातीचं. बसण्याआधी सुतळी ताणून बघायची आणि सोडून द्यायची. तरीही एकटं वाक्य शक्यतो बदलू नका. ऐकणाऱ्याच्या कानाला बदल परिच्छेदाच्या सुरुवातीला खटकत नाही, मधे खटकतो; तेव्हा पूर्ण परिच्छेद नव्यानं वाचा.